द्यायचं काय आणि सोपवायचं काय

माझ्याकडे मृत्युपत्र करायला येणारा माणूस सहसा एकटा येत नाही. सोबत एक मुलगा असतो आणि बोलत असतो तो मुलगाच. "आबांची इच्छा आहे की घर माझ्या नावावर करावं." आबा खुर्चीत बसून नुसती मान हलवतात. मी मुलाला म्हणते, "तू जरा बाहेर जाऊन चहा घेऊन ये." दार लागलं की आबांना विचारते, "आता सांगा, मुलं किती तुम्हाला?" पुष्कळदा तेव्हा कळतं की आणखी एक मुलगा पुण्यात आहे, दोन मुली दिल्या घरी आहेत आणि आबांना यातल्या कुणालाच दुखवायचं नाही.

साताऱ्यात मी दिवाणी वकिली करते. वाटणीचे, वारसाचे, हक्काचे दावे हाच माझा रोजचा शिधा. मृत्युपत्रावरून भांडण लागलं की उलटतपासातले पहिले प्रश्न ठरलेले असतात. वकिलाकडे कोण घेऊन गेलं? मजकूर कुणी सांगितला? फी कुणी दिली? ज्याच्या पदरात सगळ्यात जास्त पडलं त्यानेच हा सगळा खटाटोप केला असेल, तर न्यायालय त्या कागदाकडे संशयाने बघतं आणि तो संशय फेडायची जबाबदारीही त्याच्यावरच टाकतं. एच. वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली घालून दिलेली ही रीत आजही चालते. खरेदीखत करून देणारा माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून "होय, सही माझीच" म्हणू शकतो. मृत्युपत्र करणाऱ्याला ती सोय नाही.

म्हणून मी पक्षकारांना दोन गोष्टी सांगते. पहिली, मृत्युपत्र मुलांना समजेल एवढ्यावर थांबू नका, न्यायाधीशाला पटेल असं लिहा. दुसरी, लिहिण्याआधी एक प्रश्न सोडवा: तुम्हाला मागे वस्तू द्यायची आहे की काम सोपवायचं आहे? घर, सोनं, ठेवी द्यायच्या असतील तर मृत्युपत्र पुरतं. पण आजारी बायकोचा सांभाळ, स्वतःचं स्वतः न करू शकणारं मूल, अज्ञान नातवाचं शिक्षण हे मागे राहणार असेल, तर ती कामं आहेत. ती वर्षानुवर्षं करायला जबाबदार माणसं लागतात, आणि त्यासाठी ट्रस्ट असतो.

काहीच न लिहिलं तर

"आमच्यात वाद नाहीत, मग कागद कशाला?" असं म्हणणाऱ्यांपुढे मी एक हिशेब मांडते. समजा, पंचेचाळीस वर्षांचा एक माणूस अपघातात गेला. स्वकष्टाचा फ्लॅट आहे. मागे बायको, दोन मुलं आणि विधवा आई. घरातल्या बहुतेकांना वाटतं, फ्लॅट बायकोचा. १९५६ चा हिंदू वारसा कायदा म्हणतो, चौघांचा सारखा, प्रत्येकी पाव. आई ही पहिल्या वर्गातली वारस आहे, बायकोच्या बरोबरीने. (वडील त्या वर्गात नाहीत, हे ऐकून अनेक वडील माझ्यावरच रागावतात.) पुढे काही वर्षांनी आईही मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या पाव हिश्श्याचे पुन्हा वारस निघतात. दुसरा मुलगा आणि एक मुलगी असेल, तर दोघांना फ्लॅटचा बारावा-बारावा हिस्सा; उरलेला तेवढाच गेलेल्या मुलाच्या पोरांकडे. आता त्या बाईला फ्लॅट विकायचा असेल तर दीर आणि नणंद या दोघांच्या सह्या लागतात. वाद कुणाचाच नव्हता. तरी नणंद अमेरिकेत असेल, तर एका सहीसाठी मुखत्यारपत्र करायचं, ते तिथे साक्षांकित करून घ्यायचं, इथे आणून त्यावर मुद्रांक भरायचा, एवढा व्याप होतो. एका पानाच्या मृत्युपत्राने हे सगळं टळलं असतं.

स्त्रियांच्या बाबतीत हा कायदा आणखी अडचणीचा आहे. हिंदू बाई मृत्युपत्राशिवाय गेली तर तिची मिळकत आधी मुलं आणि नवरा यांना मिळते. ते कुणी नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. तिचे स्वतःचे आईवडील त्यांच्यानंतर येतात. आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत मूलबाळ नसेल तर वडिलांच्या वारसांकडे परत जाते, तेवढा अपवाद आहे. स्वतःच्या पगारातली मात्र जात नाही. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या २००९ च्या निकालातली बाई लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाली होती. सासरच्यांनी घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, तिने नोकरी केली, पैसा साठवला. ती गेल्यावर आईने वारसा मागितला आणि मिळाला मात्र सासरच्यांना. न्यायालयाला कायद्याच्या शब्दांपलीकडे जाता आलं नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानेच स्त्रियांना, विशेषतः मूलबाळ नसलेल्या हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचं आवाहन केलं. शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या मुली, एकट्या राहणाऱ्या किंवा घटस्फोट घेतलेल्या, यांनी हे पान फाडून पर्समध्ये ठेवावं.

मुलींबद्दलचा गैरसमज तर अजून गावोगावी आहे. "लग्नात सगळं दिलं, आता तिचा काय हक्क?" महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राने २००५ मध्ये तो सगळ्या मुलींना दिला. २०२० च्या विनीता शर्मा निकालाने शेवटची शंका मिटवली: २००५ साली वडील हयात होते की नव्हते, याने फरक पडत नाही. तेव्हा आबांनी वडिलोपार्जित जमीन एकट्या मुलाला लिहून दिली, तरी त्या कागदाने फक्त आबांचा स्वतःचा हिस्सा जातो. मुलींचे हिस्से त्यांचेच राहतात. स्वकष्टाच्या मिळकतीचं मात्र आबा वाटेल ते करू शकतात. ही दोन खाती कागदावर वेगळी केल्याशिवाय मी मजकुराला हात घालत नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

"सगळीकडे नॉमिनी लावलाय, मॅडम." हे वाक्य ऐकलं की मला पुढचा दावा दिसायला लागतो. नॉमिनीचं काम पैसे ताब्यात घेऊन खऱ्या वारसाला पोचवण्याचं. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ सालीच सांगितलं होतं. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत शंका राहिली होती. ती १४ डिसेंबर २०२३ च्या निकालाने संपली. हा खटला मराठी घरांत ठाऊक असलेल्या माणसाच्या मिळकतीचा होता. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर २०१३ साली गेले. त्यांचं मृत्युपत्र होतं, आणि काही गुंतवणुकींवर नॉमिनींची नावंही होती. मग नॉमिनी मालक की मृत्युपत्र आणि वारसा कायदा श्रेष्ठ, हा प्रश्न दिल्लीपर्यंत गेला. उत्तर आलं, नामांकनाने मालकी जात नाही. ज्यांनी आयुष्यभर उभ्या महाराष्ट्राला तिथी-मुहूर्त नेमके सांगितले, त्यांच्या घरच्यांनाही हे ठरवून घ्यायला दहा वर्षं लागली. तुमच्या-आमच्या नॉमिनेशन फॉर्मची काय कथा!

सहकारी गृहनिर्माण संस्थेतही तेच. सभासद गेल्यावर महाराष्ट्राचा कायदा नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतो, खरा वारस नोंदला जाईपर्यंत. सातबाऱ्यावरच्या फेरफाराचंही असंच. तलाठ्याने वारस नोंद केली म्हणजे सरकारदरबारी सारा कुणाकडून घ्यायचा ते ठरलं. मालकी ठरवतं दिवाणी न्यायालय. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. जरूर लावा, बँकेतून पैसे लवकर मिळतात. पण नॉमिनीचं नाव आणि मृत्युपत्रातलं नाव एकच ठेवा. दोन नावं म्हणजे दोन वकील.

कागद कसा असावा

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर, हाताने, मराठीत लिहिलेलं चालतं. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याला एवढंच हवं: करणारा सज्ञान आणि शुद्धीवर असावा, त्याने सही किंवा अंगठा करावा, आणि ते करताना पाहिलेल्या किंवा त्याच्या तोंडून कबुली ऐकलेल्या किमान दोन साक्षीदारांनी त्याच्यासमोर सह्या कराव्यात. सोपं आहे, आणि नेमकं इथेच सगळं घसरतं.

साक्षीदार निवडताना लोक आपल्या वयाचा मित्र आणतात. ऐंशीच्या माणसाला पंच्याऐंशीचा साक्षीदार! तुम्ही गेल्यावर त्यातल्या किमान एकाला न्यायालयात येऊन सही शाबीत करावी लागते. तेव्हा तुमच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान, गावातच राहणारा, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा माणूस घ्या. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली वस्तू रद्दच होते. हिंदूंना ते कलम लागू नाही, पण संशय सगळ्यांनाच लागू आहे. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांची साक्षीदार म्हणून सही आणि त्याच दिवसाचा दाखला, हा माझा आवडता जोड. मोबाइलवर पाच मिनिटांचं चित्रण करा, पण त्यात तुम्ही वाचून दाखवताना दिसू नका. कुणी न सांगता, आपल्या शब्दांत, कुणाला काय दिलं ते बोला. वाचून दाखवणारा माणूस दुसऱ्याचं लिहिलेलं वाचतोय, असा युक्तिवाद मी स्वतः केलेला आहे आणि तो चालतो.

मिळकतीचं वर्णन पत्ता सांगितल्यासारखं नको. "विहिरीजवळची जमीन" तुम्हाला कळते. विहीर बुजल्यावर कुणाला कळणार? गट नंबर, क्षेत्र, सिटी सर्व्हे नंबर, फ्लॅटचा करारनामा, संस्थेच्या शेअर सर्टिफिकेटचा नंबर लिहा. ठेवींच्या पावत्यांचे नंबर मात्र लिहू नका, ते दरवर्षी बदलतात. बँकेचं आणि शाखेचं नाव पुरतं. शेवटी एक कलम हवंच: "याखेरीज माझी जी काही मिळकत निघेल ती अमुकला." हे कलम नसलं तर विसरलेल्या एका प्लॉटसाठी पुन्हा सगळे वारस गोळा करावे लागतात.

ज्याला द्यायचं तोच तुमच्याआधी गेला तर? याचं उत्तर लिहून ठेवा. महात्मा फुल्यांनी १८८७ साली केलेल्या मृत्युपत्रात दत्तक मुलगा यशवंत याला वारस नेमलं. पण तिथेच न थांबता, तो पुढे नालायक निघाला तर मिळकत दुसऱ्या लायक मुलाकडे जावी, अशीही तरतूद केली. "माझा मुलगा चांगलाच निघेल" या विश्वासावर कागद सोडायचा नाही, ही शहाणीव त्या काळी होती. आज माझ्यासमोर इंजिनीअर येतात आणि "पर्यायी नाव" हा शब्द ऐकून दचकतात.

एखाद्या मुलाला वगळत असाल तर कारण लिहा, पण शिव्या लिहू नका. "धाकट्या मुलास घर बांधण्यासाठी मी हयातीत रक्कम दिली आहे, म्हणून राहते घर थोरलीस" हे वाक्य न्यायाधीशाला पटतं. "तो नालायक आहे" हे वाचलं की प्रश्न पडतो, हे म्हातारा बोलतोय की म्हाताऱ्याला कुणी बोलायला लावलंय? व्यवस्थापक, ज्याला आम्ही एक्झिक्युटर म्हणतो, तो नेमा. कर्ज फेडणं, बँकांत फिरणं, वाटप करणं हे त्याचं काम. कर्ज विसरू नका. देणं भागल्यावर उरेल तेच वाटायचं असतं.

नोंदणी ऐच्छिक आहे, खर्चही नाममात्र. मी करायला सांगते, कारण दुय्यम निबंधकासमोर फोटो आणि अंगठा होतो, आणि नंतर कुणी "पानं बदलली" म्हणू शकत नाही. पण नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र शाबीत झालं असं नव्हे. साक्षीदार तरीही लागतो. आणि रजिस्टर केलेलं मृत्युपत्र नंतरच्या साध्या कागदावरच्या मृत्युपत्रानेही रद्द होतं. शेवटचं खरं. मजकूर कुणालाच कळू द्यायचा नसेल तर सीलबंद लखोटा जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतो. ही सोय १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे आणि फारच थोड्यांना ठाऊक आहे.

मुंबईतल्या मिळकतीच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब, वर्षानुवर्षं सक्तीचं होतं; साताऱ्यात नव्हतं. इंग्रज अमदानीतल्या तीन शहरांपुरती उरलेली ही सक्ती संसदेने २०२५ च्या डिसेंबरात काढून टाकली. प्रोबेट घेता येतं, वाद असेल तर घ्यावंही. पण प्रोबेट नाही म्हणून हक्कच सांगता येत नाही, असं आता नाही.

"बायकोला हयातीपर्यंत, नंतर मुलाला"

मराठी मृत्युपत्रांतलं हे सगळ्यात लाडकं कलम आणि सगळ्यात भांडकुदळही. हेतू चांगला असतो: तिला छप्पर राहावं, तिने विकू नये, शेवटी मुलाला मिळावं. पण हिंदू वारसा कायद्याचं कलम १४ आडवं येतं. त्याचा एक भाग म्हणतो, स्त्रीच्या ताब्यातली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची. दुसरा भाग म्हणतो, मृत्युपत्रानेच मर्यादित हक्क दिला असेल तर तो मर्यादितच. मग पोटगीच्या हक्कापोटी दिलेल्या घराचं काय? १९७७ च्या तुलसम्मा निकालापासून न्यायालयं दोन्ही बाजूंनी गेली आहेत, आणि २०२४ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हा गुंता मोठ्या पीठाकडे पाठवला. म्हणजे आज हे कलम लिहिणारा माणूस आपल्या बायकोला आणि मुलाला एकेक वकील भेट देऊन जातो.

माझा सल्ला सरळ असतो. बायकोवर विश्वास असेल तर घर तिला पूर्ण द्या आणि तिचंही मृत्युपत्र त्याच दिवशी करा. विश्वास बायकोवर आहे, पण तिच्यावर दबाव आणणाऱ्यांवर नाही, असं असेल तर ट्रस्टचा विचार करा.

काही जण मृत्युपत्राऐवजी जिवंतपणीच बक्षीसपत्र करतात. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. वर स्थानिक अधिभार आणि नोंदणी. स्वस्त आहे म्हणून लोक भुलतात. पण मृत्युपत्र शंभरदा बदलता येतं, बक्षीसपत्र केलं की मिळकत गेली. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, सांभाळ केला नाही तर दिलेली मिळकत परत मिळवण्याची सोय आहे. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा अर्थ म्हाताऱ्यांच्या बाजूने लावलाही. तरी सांभाळाची अट कागदावर स्पष्ट नसेल तर प्रांत कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. राहतं घर हयातीत लिहून देऊ नका, हे मी हात जोडून सांगते.

काम सोपवायचं असेल तर

ट्रस्ट म्हटलं की लोकांना देऊळ, शाळा आणि धर्मादाय आयुक्त आठवतात. कुटुंबाच्या खासगी ट्रस्टचा त्यांच्याशी संबंध नाही. तो १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याखाली होतो. तीन भूमिका असतात: देणारा, ज्याच्या ताब्यात मिळकत राहते तो विश्वस्त, आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो लाभार्थी. विश्वस्ताच्या नावावर मिळकत असते, पण त्याला ती खाता येत नाही. स्थावर मिळकत असेल तर ट्रस्ट नोंदणीकृत दस्ताने किंवा मृत्युपत्राने करावा लागतो.

कऱ्हाडकडचं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. दोघं निवृत्त, मुलगा तीस वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी. मोठी बहीण नाशिकला, मायाळू. "सगळं तिच्या नावावर करतो, ती बघेल त्याला," असं वडील म्हणाले. मी विचारलं, "ती त्याच्याआधी गेली तर? तिच्या नवऱ्याचा धंदा बुडाला आणि देणेकऱ्यांनी तिच्या मिळकतीवर जप्ती आणली तर? तिची मुलं मोठी झाल्यावर मामाला बघतील?" मुलीच्या नावावर गेलेलं घर मुलीचं होतं, भावाचं राहत नाही. तिच्या चांगुलपणावर शंका नव्हती. एका माणसाच्या आयुष्यावर दुसऱ्याचं आयुष्य टांगून ठेवण्याला माझा विरोध होता.

मग आम्ही मृत्युपत्रातच ट्रस्ट घातला. आईवडील दोघंही गेल्यावर घर आणि ठेवी विश्वस्तांकडे. विश्वस्त तीन: बहीण, वडिलांचा एक विश्वासू माजी विद्यार्थी आणि एक चार्टर्ड अकाउंटंट. एकाची जागा रिकामी झाली तर उरलेल्या दोघांनी तिसरा नेमायचा. ठेवींचं व्याज मुलाच्या खर्चाला. आजारपणात मुद्दलही मोडता येईल, पण दोघांच्या सहीने. घर विकायचंच झालं तर आलेल्या पैशातून आधी त्याच्या राहण्याची सोय. दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचा. आणि मुलगा गेल्यावर उरलेलं कुणाला, तेही लिहिलं. ते लिहिलं नाही तर ट्रस्टला शेवट राहत नाही. खासगी ट्रस्ट पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवताही येत नाही. मिळकत लाभार्थ्याच्या हाती कधीतरी जायलाच हवी, आणि हयात माणसांच्या आयुष्यापलीकडे फार तर अठरा वर्षांची मुदत कायदा देतो.

पैशाची सोय झाली तरी मुलाचा पालक कोण, हा प्रश्न उरतोच. अठरा वर्षांनंतर आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. त्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, म्हणजे व्यवहारात जिल्हाधिकारी कार्यालयात, पालकत्वासाठी अर्ज करता येतो. पालक आणि विश्वस्त शक्यतो वेगळे ठेवा. दूध तापवणारा आणि दुधावर लक्ष ठेवणारा एकच नको.

मृत्युपत्रातला ट्रस्ट तुम्ही गेल्यावरच जागा होतो, तोवर खर्च शून्य. हयातीतला ट्रस्ट आजच सुरू होतो. त्याला स्वतंत्र पॅन, स्वतंत्र खातं आणि घर घालायचं असेल तर मुद्रांक शुल्काचा हिशेब लागतो. मग तो करायचा कुणी? ज्याला विस्मरणाच्या आजाराची भीती आहे त्याने. मृत्युपत्र तुम्ही जिवंत असेपर्यंत मुकं असतं. मुखत्यारपत्र उपयोगी पडेल असं वाटतं, पण देणाऱ्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली की ते आपल्या कायद्याने संपतं, म्हणजे जेव्हा हवं नेमकं तेव्हाच. हयातीतल्या ट्रस्टचे विश्वस्त मात्र काम करत राहतात.

कर वाचवायला ट्रस्ट करू नका. भारतात वारशावर कर १९८५ पासून नाही. उलट लाभार्थ्यांचे हिस्से विश्वस्तांच्या मर्जीवर सोडले तर उत्पन्नाला सहसा सर्वांत वरचा दर लागतो. केवळ अवलंबून असलेल्या नातेवाईकासाठी मृत्युपत्राने केलेल्या ट्रस्टला त्यात सवलत आहे. परिषदांतून "फॅमिली ट्रस्ट"ची पाकिटं विकणारे हे बारीक अक्षरात सांगतात.

सगळ्यांना एकच कायदा नाही

मुस्लिम व्यक्तीला साधारणपणे एक-तृतीयांशापेक्षा जास्त मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही, बाकीच्या वारसांनी संमती दिल्याशिवाय. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा चालतो: मुलं असतील तर निम्मी मिळकत त्यांचीच, मोकळी निम्मीच. गोव्याच्या २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यानेही ती रीत राखली. गोवेकराने मुंबईत फ्लॅट घेतला म्हणून तो सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीने मृत्युपत्रानंतर लग्न केलं तर आधीचं मृत्युपत्र रद्द होतं. हिंदूंचं होत नाही. परदेशातही मिळकत असेल तर तिथलं मृत्युपत्र वेगळं करा, आणि "माझी आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द" हे वाक्य लिहिताना जपा. न्यू जर्सीतल्या घराचं मृत्युपत्र साताऱ्याच्या एका ओळीने उडालेलं मी पाहिलं आहे.

कधी, आणि कुणाला सांगून

मृत्युपत्र पंचाहत्तरीला नव्हे, पहिलं घर घेतलं की करा. घरात लग्न, जन्म, मृत्यू, घटस्फोट किंवा मोठी खरेदी-विक्री झाली की पुन्हा वाचा. माझ्याकडे येण्याआधी दोन याद्या करा: एकीत तुमच्या नावावर काय आहे आणि ते कुठून आलं, दुसरीत तुमच्यावर कोण अवलंबून आहे. पहिली यादी लोक झटकन करतात. दुसरी करताना पेन थांबतं, आणि कामाची तीच असते. मृत्युपत्र लागेल की ट्रस्ट, हे त्या दुसऱ्या यादीवरून ठरतं.

मजकूर मुलांना सांगावा का, हे घराघरावर अवलंबून आहे. मृत्युपत्र आहे आणि ते कुठे आहे, एवढं मात्र व्यवस्थापकाला आणि आणखी एकाला माहीत हवं. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये आणि लॉकर फक्त तुमच्या एकट्याच्या नावावर, असं करू नका. तुम्ही गेल्यावर तो उघडण्यासाठीच वारसांना कागदपत्रं गोळा करावी लागतील. विश्वस्तांची गोष्ट वेगळी. त्यांना मजकूर पूर्ण वाचायला द्या, कामाचं ओझं समजावून सांगा आणि स्पष्ट विचारा. वस्तू घेणाऱ्याचा होकार गृहीत धरला तरी चालतो, काम घेणाऱ्याचा धरता येत नाही. त्यातला एखादा हसून "बघू, वेळ आली की करू" म्हणाला, तर त्याचं उत्तर मिळालं समजा आणि दुसरं नाव शोधा.